घरच्या घरी वाफेवर वीज : १०० वॅटचं जनित्र बनवायचंय, सल्ला हवा

घरकारागीर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात घोळत असलेलं काम यंदा हाती घ्यायचं ठरवलंय. सुतारकामातून लाकडाचे तुकडे आणि ढलप्या भरपूर उरतात. त्या जाळून वाफ करायची, वाफेवर काहीतरी फिरवायचं आणि १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायची. १०० वॅट मिळाले तरी कार्यशाळेतले दिवे त्यावर आरामात लागतील.

लहान लेथ, ड्रिल मशीन आणि ब्रेझिंगचा (धातूचे भाग वितळत्या मिश्रधातूने जोडायचा) टॉर्च आहे. लेथवर हात बरा बसलाय, वाफेचं काम मात्र पहिल्यांदाच. डोक्यात असं आहे की बॉयलर म्हणून जुनं रिकामं अग्निशामक सिलिंडर घ्यावं, आणि पिस्टन, क्रँक वगैरे नको म्हणून पत्र्याच्या पात्यांची छोटी टर्बाइन करावी. टर्बाइनमध्ये फिरणारा भाग एकच, त्यामुळे ती बनवायला सोपी, असं माझं मत. चूक असेल तर सांगा. आणि जनित्र म्हणून गाडीचा अल्टरनेटर चालेल का?

तांबट

बाकी सगळं नंतर. आधी ते सिलिंडर बाजूला ठेवा, आजच.

ते थंड अवस्थेत दाब धरायला बनवलेलं असतं, खालून जाळ सोसायला नाही. आतून किती गंजलंय हे दिसत नाही. ॲल्युमिनियमचं असेल तर तापल्यावर त्याची ताकद झपाट्याने उतरते. पण सर्वात मोठी गोष्ट म्हणजे त्यात मावणारं पाणी. ५ बार दाबाला (मापकावरचा, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ५ बार जास्त; एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) पाणी सुमारे १५९ अंशांवर उकळतं. अशा पाण्याचं भांडं फाटलं की दाब एकदम उतरतो, आणि १०० अंशांच्या वरची जी उष्णता पाण्यात साठलेली असते तिच्या जोरावर त्यातलं साधारण ११ टक्के पाणी क्षणात वाफ होतं. ५ लिटरचा हिशेब केला तर अर्धा किलो पाणी, म्हणजे ८०० लिटरहून जास्त वाफ, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. वर भांड्यात आधीपासून असलेली वाफ ती किती, तिची भीती त्यामानाने कमी. बॉयलर फुटतो तो त्यातल्या पाण्यामुळे.

मी तांब्याचे लहान बॉयलर बरीच वर्षं बनवतोय. जरूर बनवा, मी मदत करीन. पण त्या सिलिंडरवर नको.

निवांत

वाचतेय. आग विझवायच्या नळकांड्याखाली आग लावायची कल्पना ऐकायला भारी आहे, पण तांबटकाकांचं ऐका.

शेवाळकर_गणिती

टर्बाइनबद्दल. ५ बारची वाफ योग्य आकाराच्या नोझलमधून बाहेरच्या हवेत सोडली तर आदर्श स्थितीत तिचा वेग सेकंदाला ७८० मीटरच्या आसपास जातो. एका टप्प्याच्या साध्या टर्बाइनला चांगलं काम करायचं तर पात्यांचा वेग या वेगाच्या जवळपास निम्मा हवा. १०० मिलिमीटरच्या चकतीसाठी गणित करा : मिनिटाला ७५,००० फेरे. एवढ्या वेगाला चकतीतला जरासा असमतोलही माफ होत नाही, साधी बेअरिंग टिकत नाहीत, आणि घरी कापलेली पत्र्याची पाती तर उपटून बाहेर येतील. गुस्ताफ द लाव्हालची १८८० च्या दशकातली टर्बाइन ३०,००० फेऱ्यांनी फिरायची, आणि तिच्यासाठी त्याला मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट आणि गिअर करावे लागले.

हळू फिरवली तर? फिरते की. ५,००० फेऱ्यांवर ती वाफेतली जेमतेम काही टक्के ऊर्जा उचलते आणि बाकीची वाफ शिट्टी मारत निघून जाते. भाग एकच आहे हे खरं. पण सगळी अडचण त्या एका भागातच गोळा झालीय.

चक्रधर

टर्बाइनला इतकं मोडीत काढू नका हो. टेस्लाची चकत्यांची टर्बाइन आहे ना. त्याचं पेटंट १९१३ चं. पाती नाहीत, नुसत्या सपाट चकत्या, घरच्या लेथवर होतात. मी एक बनवलीय, संकुचित हवेवर इतकी सुंदर फिरते की बघत राहावं.

शेवाळकर_गणिती

@चक्रधर, फिरते यात शंकाच नाही. तिच्या शाफ्टवरून वॅट किती मिळाले? भार लावून मोजलेत का?

चक्रधर

मोजले. सायकलच्या डायनॅमोचा दिवा लागला, ३ वॅट. आणि त्यासाठी कॉम्प्रेसर अखंड चालवावा लागत होता. तुमचा मुद्दा मान्य. पण तिचा आवाज आणि तो वेग मला अजूनही आवडतो, ते मी सोडणार नाही.

शेवाळकर_गणिती

सोडूही नका. धागाकर्त्यांना १०० वॅट हवेत म्हणून म्हटलं.

वीजवेडी

आता अल्टरनेटर. गाडीच्या अल्टरनेटरला स्वतःचं चुंबकत्व तयार करायलाच ३-४ अँपिअर लागतात, म्हणजे ४०-५० वॅट तिथेच गेले. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही, पण तुमचं अख्खं उत्पन्न १०० वॅट! शिवाय तो १५००-२००० फेऱ्यांच्या खाली काहीच देत नाही.

कायमचुंबकाची डीसी मोटर घ्या आणि उलटी वापरा. इलेक्ट्रिक स्कूटरची २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटर २७५० फेऱ्यांच्या आसपासची असते. ढोबळमानाने दर व्होल्टला ११५ फेरे. बॅटरी चार्ज व्हायला १४ व्होल्ट धरले तर १६०० फेरे पुरतात, भार वाढेल तसे थोडे जास्त. इंजिन ५०० नं फिरत असेल तर पट्ट्याच्या पुल्या १ ला साडेतीन ठेवा.

आणि मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) विसरू नका. इंजिन मंदावलं की बॅटरी उलट मोटर फिरवायला लागते. डायोडला समांतर एक दाबबटण मात्र ठेवा. एका सिलिंडरचं इंजिन डेड सेंटरवर (पिस्टन अगदी टोकाला असताना) अडकून उभं राहतं, तेव्हा बटण दाबून बॅटरीनेच त्याला पुढे ढकलता येतं. स्टार्टर फुकटात झाला.

उन्हाळी

प्रामाणिक प्रश्न. १०० वॅटचं सौर पॅनल छपरावर ठेवलं की काम संपलं. हा सगळा खटाटोप कशासाठी?

शेवाळकर_गणिती

नुसत्या विजेसाठी असेल तर @उन्हाळी बरोबर आहेत. आकडे मांडतो. ५ बारच्या एक किलो वाफेतून आदर्श इंजिनाला सुमारे ३०० किलोज्यूल काम मिळतं, तर तेवढी वाफ करायला २६७० च्या वर द्यावे लागतात. घरचं चांगलं इंजिन आदर्शाच्या ४० टक्के गाठेल, जनित्र ७० टक्के, बॉयलर ५५. सगळा गुणाकार पावणेदोन टक्के. म्हणजे १०० वॅटसाठी तासाला ४ लिटरहून थोडं जास्त पाणी आणि जवळपास दीड किलो कोरडं लाकूड. एक किलो लाकडामागे ७०-७५ वॅट-तास.

उरलेले ९८ टक्के कुठे जातात? बहुतेक सगळी उष्णता वाफेबरोबर आणि धुराबरोबर बाहेर. ती पाणी तापवायला किंवा लाकूड वाळवायला वापरली तर चित्र बदलतं.

घरकारागीर

@उन्हाळी, पॅनल आहे माझ्याकडे. ते मी विकत आणलं, बसवलं आणि विसरलो. इंजिन मला बनवायचंय. धातूच्या गोळ्यातून कोरून काढलेली वस्तू पाणी आणि लाकडावर श्वास घ्यायला लागते, ते मला स्वतःच्या हाताने करून बघायचंय.

तांबटकाका, सिलिंडर भंगारात दिलं. टर्बाइनही सोडली. आता पिस्टन. बॉयलरचं सांगा.

उन्हाळी

मग प्रश्नच मिटला. मनापासून शुभेच्छा, धागा धरून बसतो.

तांबट

ऐका तर. नळकांड्याच्या भिंतीवरचा ताण दाब आणि व्यासाबरोबर वाढतो, जाडीबरोबर कमी होतो. ५ बारला १०० मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या भांड्यावर १२.५ मेगापास्कल. त्याच दाबाला ८ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाडीच्या नळीवर फक्त २. म्हणून पहिल्या बॉयलरसाठी मी एका लांब नळीचं वेटोळं सुचवतो. एका टोकाने पंप पाणी ढकलतो, दुसऱ्या टोकाने वाफ निघते. बाहेरून ८ मिमी, आतून ६ मिमीची १० मीटर नळी घेतली तर आत पाव लिटरच्या आसपास पाणी. नळी फाटली तर फसकन आवाज होऊन जाळ विझेल, भिंत पडणार नाही. भाजण्याची भीती मात्र आहेच, म्हणून वेटोळं पत्र्याच्या आवरणात हवं.

नळी स्टेनलेस स्टीलची घ्या. पंप थांबला की तांबं लाल व्हायला वेळ लागत नाही, आणि लाल तांब्यात दम नसतो.

जोडांना साधा डाख अजिबात नको. कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. वाफ जरा जास्त तापली की जोड सुटला. चांदीचं ब्रेझिंग, किंवा दाबाच्या फिटिंग.

सेफ्टी व्हॉल्व्ह असा हवा की जाळ पूर्ण आणि इंजिन बंद असतानाही होईल तेवढी सगळी वाफ तो एकटा बाहेर टाकेल. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणतीही तोटी नसावी. कोणतीही म्हणजे कोणतीही. दाबमापकाची नळी एक गोल वळसा देऊन जोडा, त्यात पाणी साचून राहतं आणि गरम वाफ मापकापर्यंत पोचत नाही.

वापरण्याआधी थंड पाण्याने दुप्पट दाबाची चाचणी, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर थेंब पडतो. हवेने चाचणी केली तर तोच जोड गोळीसारखा उडतो. आणि तुमच्याकडे बॉयलरचे नियम काय आहेत, किती आकारापासून लागू होतात, हे नळी आणण्याआधी विचारून घ्या.

लेथमास्तर

तांबटांशी थोडा असहमत. वेटोळ्याचा बॉयलर सुरक्षित, पण चालवायला अवघड. साठा नसल्यामुळे पाणी आणि जाळ सतत जुळवावे लागतात. पाणी कमी पडलं तर वाफ भलतीच तापून सिलिंडरमधलं तेल जळतं, जास्त झालं तर ओली वाफ येऊन इंजिन गचके खातं. लाकडाचा जाळ तर मिनिटामिनिटाला बदलतो. नीट बनवलेला, तपासून घेतलेला तांब्याचा उभा बॉयलर शांतपणे चालतो, काचेत पाण्याची पातळी दिसते.

तांबट

मास्तर, पूर्ण सहमत, मी स्वतः तसलेच बनवतो. पण त्यातली काच वाचायला आणि ब्रेझिंग आतपर्यंत पोचलंय का हे ओळखायला वर्षं जातात. पहिलीच खेप आहे त्यांची. जाळ जुळवायचा त्रास मला चालेल.

राख

मला एक सांगावंसं वाटतं. मी शिकाऊ होतो तेव्हा एकाने डाख दिलेला डबा वाफेसाठी चुलीवर चढवला होता. दाब कितीसा, अर्धा बारही नसेल. झाकण उडालं आणि माझ्या डाव्या हाताला भाजलं. व्रण अजून आहे. "एवढासा तर दाब" असं त्या दिवशी आम्ही सगळेच म्हणत होतो.

निवांत

बाप रे. काळजी घ्या सगळ्यांनी.

जुनी_पानं

या निमित्ताने थोडा इतिहास, विषयांतर माफ करा. देनी पापँनं १६७९ च्या सुमारास हवाबंद भांड्यात वाफेखाली हाडं मऊ करून दाखवली, आणि त्या भांड्याला त्यानेच वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. आजच्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. वाफेने पिस्टन हलवायची कल्पनाही त्याने १६९० मध्ये मांडली. म्हणजे न्यूकोमेनचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसायला लागायच्या आधीच सेफ्टी व्हॉल्व्ह होता.

तरीही बॉयलर फुटत राहिले. अमेरिकेत ब्रॉकटनच्या बुटांच्या कारखान्यात १९०५ मध्ये बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. तिथल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ मध्ये बॉयलरची नियमावली तयार केली, त्यामागे अशा दुर्घटना होत्या. @राख यांचं वाचून ते आठवलं.

आणि धाग्याच्या विषयाला धरून : चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये पहिली टर्बाइन केली तीच मुळी जनित्र जोडून. साडेसात किलोवॅट, १८,००० फेरे. वाफेचा वेग एकाच टप्प्यात न वापरता अनेक टप्प्यांत वाटून घेतला, म्हणून तिचा वेग आवाक्यात आला.

चक्रधर

१८,००० म्हणजे आवाक्यात! टर्बाइनवाल्यांचा ऊर भरून आला.

घरकारागीर

वेटोळंच करतो. इंजिनासाठी ४० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ४० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), दोन्ही बाजूंनी वाफ घेणारं, सरकत्या व्हॉल्व्हचं, असा आराखडा काढलाय. पुरेल का?

शेवाळकर_गणिती

स्ट्रोकचं आकारमान ५० घन सेंटिमीटर, दोन्ही बाजू धरून फेऱ्याला १००. सरासरी परिणामी दाब (पूर्ण स्ट्रोकभर पिस्टनला ढकलणाऱ्या दाबाची सरासरी) दीड बार धरला तर फेऱ्याला १५ ज्यूल. ५०० फेऱ्यांना १२५ वॅट सिलिंडरमध्ये, शाफ्टवर शंभर, बॅटरीत सत्तर. पहिल्या इंजिनाला याच्या निम्मे मिळाले तरी मी टाळ्या वाजवीन.

लेथमास्तर

पाण्याचा पंप इंजिनावरूनच चालवा. फेऱ्याला ०.१४ मिलिलिटर लागेल, म्हणजे ५ मिमी प्लंजर (पंपाचा दांडा) आणि ७ मिमी स्ट्रोक. पण त्याच्या दुप्पट क्षमतेचा करा आणि जादा पाणी बायपास तोटीने टाकीत परत सोडा. जाळाबरोबर तीच तोटी फिरवत राहायची. शिवाय एक हातपंप वेगळा हवाच, इंजिन उभं असताना पाणी कोण ढकलणार?

सिलिंडरच्या दोन्ही टोकांना निचरा तोट्या ठेवा. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ पाणी होऊन साचते. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन रॉड वाकतो नाहीतर झाकण तडकतं. सुरुवातीला तोट्या उघड्या, कोरडी वाफ यायला लागली की बंद.

गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही, पाण्यात मिसळून लोण्यासारखं पांढरं होतं. वाफेच्या सिलिंडरसाठीचं जाड तेल वेगळं येतं. त्याचा डबा वाफेच्या नळीला एका बारीक छिद्राने जोडायचा. वाफ आत जाऊन थंड होते, पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर ढकलून नळीत सोडतं. एकही हलता भाग नाही. ही युक्ती मला वाफेच्या सगळ्या यंत्रांत सर्वात लाडकी आहे.

घरकारागीर

(सात महिन्यांनी)

मंडळी, चाललं!

आधी हवेवर चालवलं, २ बारला. व्हॉल्व्हची वेळ चुकली होती, एका बाजूने ढकलत होतं, दुसऱ्या बाजूने अडवत होतं. विलक्षण लंगडा आवाज. एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी शाफ्टवरची चकती) जरा पुढे सरकवल्यावर ताल बसला. वेटोळ्याची १० बारला पाण्याने चाचणी केली. एका फिटिंगमधून थेंब आला, तो जोड पुन्हा केला.

मग जाळ. पहिल्या दिवशी नुसती ओली वाफ, दुसऱ्या दिवशी लेथमास्तर म्हणाले तसं पाण्यामागे धावणं. आता हात बसतोय. वाफेच्या टोकाला तापमापक लावलाय, त्यावर नजर ठेवून बायपास फिरवतो. लाकूड बोटभर जाडीचं, एकसारखं चिरून घेतलं की जाळ बराच स्थिर राहतो. काल साडेतीन बारला १२.९ व्होल्ट, ३ अँपिअर. जवळपास ३९ वॅट. दिवा त्या विजेवर लागला तेव्हा कितीतरी वेळ मी काही बोललो नाही.

एक चूक सांगायलाच हवी. चालू असताना बॅटरीच्या वायरचा नट सैल होऊन वायर निघाली. भार एकदम गेला आणि इंजिन सुसाट सुटलं. पट्टा उडाला तेव्हा तर आणखी. मुख्य तोटी बंद करायला जाळाच्या वरून हात घालावा लागला. आता तोटी हाताच्या उंचीवर, जाळापासून लांब, पाव वळशात बंद होणारी बसवलीय.

वीजवेडी

अभिनंदन!! फार आनंद झाला. पण तोटी पुरेशी नाही, तुम्ही जवळ नसाल तर? मोटरच्या टोकांवर एक व्होल्टेज रिले (ठरावीक व्होल्टला आपोआप चालू होणारा स्विच) लावा. १५ व्होल्टच्या वर गेलं की तो ६० वॅटचा दिवा जोडेल, आणि तो भार इंजिनाला आवरेल. रिले आणि दिवा दोन्ही थेट मोटरच्या टोकांवर हवेत, डायोडच्या अलीकडे, म्हणजे बॅटरी सुटली तरी जोडलेले राहतील. पट्टा तुटला तर दिवाही काम करणार नाही, म्हणून फ्लायव्हीलच्या शाफ्टवरून चालणारा गोळ्यांचा गव्हर्नर (वेग वाढला की वाफ आपोआप कमी करणारा) हवाच. वॅटने १७८८ मध्ये आपल्या इंजिनाला बसवला होता तोच.

तांबट

आणि गव्हर्नर बसेपर्यंत इंजिन चालू ठेवून तिथून हलायचं नाही. ३९ वॅटबद्दल मात्र पाठ थोपटतो. मध्येच थांबलेली इंजिनं मी पुष्कळ पाहिलीत, तुम्ही दिव्यापर्यंत आलात.

शेवाळकर_गणिती

टाळ्या. दाब ५ बारला नेलात आणि फेरे ५०० झाले की साठच्या वर जाईल.

घरकारागीर

गव्हर्नरच्या गोळ्या आजच लेथवर धरल्या. एक शेवटची शंका : बाहेर पडणारी वाफ थंड करून पाणी पुन्हा टाकीत घेतोय, पण त्यावर तेलाचा तवंग येतो. तसंच वापरलं तर?

लेथमास्तर

नको. तेल नळीच्या आत पातळ थर धरतं, उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, आणि त्या जागी नळी जास्त तापते. टाकीत आडवी भिंत घालून दोन कप्पे करा, पाणी तळाकडूनच पुढे जाईल असं. पहिल्या कप्प्यात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भरा. वाफेच्या बोटींवर हेच करायचे. तेल तिच्यात अडकतं. दर चार-पाच तास चालवल्यावर जाळी बदलायची.

घरकारागीर

घोसाळी वेलावर वाळलेलीच आहेत. उद्या कप्पा करतो.